एकशे छप्पन्न की चार

फौजेतला हवालदार वीरधवल सुट्टीवर रहिमतपुरात आला की घरात कमी आणि लोकांच्या ओट्यावर जास्त. चुलत्याच्या नातवाचं बारसं, मेव्हण्याची वास्तुशांत, दोस्तांची पार्टी. महिना कधी सरला ते बायकोला, रेश्माला, त्याची ट्रंक भरतानाच कळायचं.

या खेपेला मात्र बारावीतल्या लेकीनं, शिवांजलीनं, पहिल्याच संध्याकाळी पुस्तक पुढ्यात टाकलं. "पप्पा, डेफिनिट इंटिग्रल काय डोक्यात शिरंना. जरा बघता का?"

आता आली का पंचाईत! गडी बारावीत गणिताला घाबरून जो पळाला, तो थेट भरतीच्या मैदानावर जाऊन थांबला होता. पण लेक कधी काही मागत नसे. तिच्या शाळेचा पहिला दिवस, तिचं आजारपण, तिची बक्षिसं, सगळं यानं फोनवर ऐकलेलं. ही सुट्टी संपायच्या आत पोरीच्या एकदा तरी उपयोगी पडायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

मग काय विचारता. सकाळी उसाला पाणी सोडायचं आणि बांधावर बसून मोबाईलवर इंटिग्रेशनचे व्हिडिओ बघायचे. संध्याकाळी लेकीशेजारी सतरंजी. कुणी बोलवायला आलं की रेश्मा दारातूनच सांगायची, "त्ये अभ्यासाला बसल्यात." गावाला वाटलं, हवालदार आता साहेब व्हायची परीक्षा देतोय.

एका गणितानं मात्र नाकात दम आणला. एक्सचा वर्ग अधिक एक म्हणजे टी धरायचं आणि शून्य ते दोन लिमिट घालायची. यांचं उत्तर यायचं चार, पुस्तकाचं एकशे छप्पन्न. "पुस्तकच चुकलंय," असं वीरधवलनं जाहीरही करून टाकलं.

मग एका सकाळी बांधावर त्याची ट्यूब पेटली. एक्स जाऊन टी आला, तर लिमिटही टीच्याच घ्यायला हव्यात! शून्याचा एक होतो, दोनाचे पाच. पाण्याची मोटार तशीच चालू ठेवून गडी घराकडं पळाला. इकडं उसात तळं झालं, त्याचं कुणाला काय!

"शिवे, माझी बदली झाली आन् तू पत्र जुन्याच पत्त्यावर धाडलंस, तर त्ये मला मिळंल का? अगं, ह्ये बी तसंच हाय. पत्ता बदलायचा राहिलाय आपला."

शिवांजलीनं डोळे मोठे केले. "लय सोपं करून सांगता हो पप्पा." दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पुन्हा जुन्याच लिमिट घातल्या. वीरधवलनं पुन्हा समजावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. पोर जरा मठ्ठच आहे, असं त्याला वाटलं आणि तिच्यावर जास्तच माया आली.

सुट्टी संपत आली तेव्हा शिवांजलीची वर्गमैत्रीण सिमरन घरी आली. बाजारातल्या कुतुबुद्दीन गादीवाल्यांची लेक. वीरधवल तोऱ्यात म्हणाला, "तुलाबी इंटिग्रेशन जड जातंय का? बस, सांगतो."

"नको काका," सिमरन हसली. "आम्हाला हीच शिकवते की. सर आले नाहीत तर फळ्यापाशी हीच उभी असते."

शिवांजलीनं कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. वीरधवलला आधी लाज वाटली, मग राग आला. सिमरन जाईपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला.

"तुला येत हुतं?"

"व्हय."

"मग माझी चेष्टा केलीस?"

"न्हाई पप्पा." तिनं मान खाली घातली. "सुट्टीवर आला की तुमी सगळ्या गावाचे असता. गणिताला बसला की माझे असता."

वीरधवलचा राग कुठल्या कुठं गेला. डोळे भरले. त्यानं ते बाहीला पुसले आणि लेकीपुढचं पुस्तक आपल्याकडं ओढलं.

"काढ पुढचं गणित," तो म्हणाला. "आन् आता मुद्दाम चुकू नगंस. मी चुकतोय तेवढं बास हाय."