जलगुरूंची पापमुक्त फुप्फुसं

तरणतलावाच्या बंदिस्त हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यातली माणसं लालभडक डोळ्यांनी ठसकत होती आणि काठावरची मंडळी त्यांच्याकडे हेव्याने बघत होती. जो जास्त खोकेल तो जास्त शुद्ध. नाकाला झोंबतो तो बाहेर पडणाऱ्या पापाचा वास, असं जलगुरू उंचावरच्या काचेच्या खोलीतून माइकवर समजावत होते. त्यांना स्वतःला कधी साधी शिंकही येत नसे, कारण त्यांच्यात पापच उरलं नव्हतं म्हणे. पोहण्याआधी आंघोळ करायला बंदी होती, नाहीतर पाप मोरीत वाहून जातं. खिडक्याही बंद, नाहीतर शेजाऱ्यांना फुकट पुण्य मिळतं.

माझ्या ताईने तर कहर केला होता. तिच्या लेकीला दमा आहे. तरी औषधाचा पंप तिने पर्समध्ये कोंबून ठेवला होता, कारण पंपाने म्हणे पाप आत दडपलं जातं. काठावर बसलेल्या पोरीच्या छातीतून शिट्टी ऐकू येत होती. माझं डोकंच फिरलं.

माझ्या वहिनी रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी पंप मागितला. ताई म्हणाली, "गुरूंनी समोर येऊन सांगितलं तरच देईन."

वहिनींनी गुरूंना खाली बोलावलं. ते टाळाटाळ करू लागले, तेव्हा भक्तांनीच त्यांना प्रेमाने उचलून आणलं आणि पोरीशेजारी बसवलं. गुरूंनी श्वास रोखला. पण उपदेश करायचा तर तोंड उघडावं लागतं. पहिल्याच शब्दाला त्यांना असा ठसका लागला, की पाण्यातले भक्तही खोकायचे थांबले.

एक आजोबा काळजीने म्हणाले, "गुरूंनी एवढं काय केलं असेल हो?"

तोवर मी काचेची खोली उघडली होती. आत गुरूंच्या खुर्चीमागे मोठी खिडकी सताड उघडी होती.

ताईने पर्स उघडली. पंप काढून पोरीच्या तोंडाशी धरला. "चुकलं गं माझं," ती म्हणाली.

पोरीला मोकळ्या हवेत नेल्यावर वहिनींनी सगळं उलगडून सांगितलं. क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं. पण त्यात घाम आणि लघवी मिसळली की क्लोरामाइन तयार होतं. त्याचा वायू बंद हॉलमध्ये पाण्यावर साचतो आणि डोळ्यांना, श्वासनलिकेला झोंबतो. दमेकऱ्यांना तो जास्त बाधतो.

लघवी कुणाची, असं एकाने विचारलं. त्यावर सगळे घाईने पाण्याबाहेर आले.

पोहा, जरूर पोहा. आधी साबणाने आंघोळ करा, खिडक्या उघडा, छाती वाजू लागली तर डॉक्टरकडे जा. आणि खोकणाऱ्या लेकराला कुणी भाग्यवान म्हणालं, तर त्याला त्या लेकराशेजारी बसवा आणि तीच हवा घ्यायला सांगा.