नाव बदललेली गोळी

नवी पेठेत चादरींचं दुकान चालवणाऱ्या सिद्धलिंगप्पांचं निम्मं आयुष्य गिऱ्हाइकाला एकच गोष्ट पटवण्यात गेलं होतं: लेबलाकडं काय बघता, सूत बघा. आणि आता तेच गृहस्थ गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करत हटून बसले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं राजेश्वरीच्या मनात आलं. पण नवऱ्याला हसण्याची ही वेळ नव्हती. त्यांच्या हृदयात नुकताच स्टेंट बसवला होता. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी रोज घ्यायची, एकदाही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजची गोळी अजून तशीच होती.

घोळ विम्याचा होता. त्यांची मुलगी काव्या हिच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची औषधंही बसायची. पण जेनेरिक मिळत असेल तर तेच. डॉक्टरांनीही चालेल म्हटलं, आणि दवाखान्यातल्या गोळीऐवजी ही साधी पट्टी घरात आली.

"हे नाव कुटं ऐकलंय का कुणी? कायबी गळ्यात मारतेत," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"आप्पा, विम्यात काय लिहिलंय ते तरी ऐका की." काव्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. "तोच औषधी घटक, तितकीच मात्रा, तोच परिणाम. नाव वेगळं, औषध तेच. रक्तात तितकंच उतरतं का, तेसुद्धा तपासतात."

राजेश्वरीनं गोळी तळहातावर घेतली. हरभऱ्याच्या डाळीएवढा जीव. कुणीतरी कुठंतरी हे शोधून काढलं, आणि आता कुठल्या कुठल्या मुलखांत, कसल्या कसल्या नावांनी, हाच घटक अनोळखी माणसांच्या रक्तात उतरून गुपचूप काळजाची वाट मोकळी ठेवतोय. तिच्या अंगावर काटा आला. एवढं थोर काम, आणि नावाचा म्हणून हट्ट नाही.

"अवो," ती म्हणाली, "अक्कलकोटला मी चन्नम्मा हुते. लग्नात तुमी ताटातल्या तांदळात अंगठीनं राजेश्वरी लिवलं. मग काय दुसरीच कुणी घरात आली व्हय?"

सिद्धलिंगप्पांनी हात पुढं केला, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली आणि बायकोकडं बघत राहिले.

"चन्नम्मा," त्यांनी हळूच हाक मारली.

आई गेल्यापासून त्या नावानं तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पोरगी मांडवातच राहिली, असं ती धरून चालली होती. पण तिनं काही ठरवायच्या आतच तिच्या तोंडून "ओ" निघून गेली होती.