वाघजाईच्या वाटेवरचं वळण

“उंदराकडे नको बघूस, घड्याळाकडे बघ.”

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचं ते सांगणं आठ वर्षांनी संजीवनीला आठवलं, ते कापड्याच्या पाखाडीवर, देवळाकडे चढणाऱ्या दगडी पायवाटेवर. दहा पावलं पुढे तिची आई, चंद्राबाई, पाण्याची कळशी कमरेवर घेऊन वळणापाशी थांबली होती आणि संजीवनी नकळत आकडे मोजत होती. सात. आठ. नऊ.

तेव्हा तिचं काम मोजण्याचंच होतं. पेटीचा एक कप्पा उजेडाचा, दुसरा काळोखाचा, मध्ये बारकंसं दार. उंदीर काळोखाकडे धावायचा आणि आत शिरला की पायांना विजेचा चटका बसायचा. दुसऱ्या दिवशी तो दारातच थबकायचा. किती वेळ, ते वहीत लिहायचं. काही उंदरांना चटक्यापाठोपाठ डोक्याला झटका देत, आकडी येईल एवढा. ते दुसऱ्या दिवशी खुशाल आत जात, काही घडलंच नव्हतं असे. तोच झटका एक दिवस उशिरा दिला, तर मात्र उंदीर बहुधा विसरत नसे. दारात मिशा हलवत उभा राही. मुरलेली भीती झटक्याने जात नाही, एवढं ती तिथे शिकली होती.

आईची भीती आठ महिन्यांची होती.

संजीवनी नऊ वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा चंद्राबाई वाघजाईला नवस बोलली होती: रोज नदीचं कळशीभर पाणी तुझ्या पायरीवर घालीन, मगच तोंडात घास घेईन. एकवीस वर्षं नेम चुकला नाही. गेल्या श्रावणात या वळणावर दरड उतरली. चंद्राबाई कळशी घेऊन पुढे होती. गवताचा भारा घेऊन मागून येणारी तिची जाऊ, येसूबाई, दरडीखाली गेली. त्यानंतर चंद्राबाई रोज कळशी भरून वळणापर्यंत यायची आणि परत फिरायची. दुसऱ्या कुणी घातलेलं पाणी तिला चालेना. भागोजी गुरव अंगारा आणून विनवायचा, तेव्हा संध्याकाळी चार घास जायचे. पुढे तेही थांबले, बोलणंही थांबलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी भूल देऊन डोक्याला विजेचे झटके द्यायचं ठरवलं. करंट दिला की माणूस आपलं नावसुद्धा विसरतं, असं वाडीत जो तो सांगत होता. चंद्राबाई निघताना भागोजीने तिला एवढंच सांगितलं की शिवेबाहेर नेम लागत नाही, तिकडे पोटभर जेव.

चौथ्या झटक्याच्या आदल्या दिवशी, उद्या सकाळी उपाशी राहायचं, असं डॉक्टर बजावून गेले आणि चंद्राबाई बोलली.

“उपाशी ऱ्हायला ह्यो मला शिकवतोय व्हय?”

अख्खा वॉर्ड हसला. त्या संध्याकाळी तिने लेकीचा हात धरला.

“संजू, बरी झाले का मी सोता पाणी घालीन. शबुद हाय माझा.”

आज तिला तो शब्दही आठवत नव्हता आणि तो वॉर्डही. संजीवनीने आठवण करून दिली नव्हती. काल शीव ओलांडून घरी आल्यावर चंद्राबाईने पान नुसतं बाजूला सारलं आणि सकाळी उठून आपणच कळशी घासली. आता ती इथून परत फिरली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेवीस. चोवीस.

“आये, कळशी देतेस माझ्याकडं?”

चंद्राबाईने दरडीच्या लाल मातीकडे पाहिलं. तिच्यावर आता गवत वाळून पिवळं पडलं होतं.

“येसू हितंच होती. काय तरी बोलत होती. मी वळून बगितलं, तर नुसती माती.”

म्हणजे सगळं आठवत होतं. संजीवनी मागूनच म्हणाली,

“चल, घरी जाऊ.”

“घरी कशाला?” चंद्राबाईने कळशी सावरली. “तू मागं का चालतेस गो? मागं कोण आसलं का माझा पाय उचलत नाय. पुढं हो.”

संजीवनी जागीच उभी राहिली. आठ महिने आई पडेल म्हणून रोज कुणी ना कुणी तिच्या मागे चालत होतं. कधी भाऊ, कधी शेजारची कमळाबाई. पुण्याहून आली की ती स्वतः. अशीच दहा पावलं राखून, पेटीत डोकावावं तशी.

आकडा कुठवर आला होता, ते तिला आठवेना. पाखाडी अरुंद होती. आईच्या खांद्याला हात लावून ती बाजूने पुढे सरकली आणि वळणापलीकडे, आईला दिसेल अशी, हळूहळू चालू लागली.

थोडा वेळ मागे काहीच वाजलं नाही. मग कळशीतलं पाणी हिंदकळलं, आणि पाठोपाठ पावलं.