मेन स्ट्रीट, बँकेसमोर

"बँकेसमोर? मेन स्ट्रीटवर, बँकेसमोर?" मिस अर्लीननी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता. "बसने आलास? पायऱ्यांवर बसलायस? बरं. बरं."

मी त्यांच्या दारात गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभी होते. लायसन्स नुकतंच हातात आलं होतं आणि त्या दिवसांत मला कुणी चंद्रावर सोडायला सांगितलं असतं तरी मी "बसा मागे" म्हटलं असतं. दर शनिवारी मी मिस अर्लीनना शेजारच्या गावातल्या मोठ्या दुकानात घेऊन जायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आमच्या गावात आता दुकान म्हणावं असं दुकान नाही.

मिस अर्लीन आमच्या शाळेच्या जेवणघरात वाढतात. माझ्या आईलाही त्यांनीच वाढलं. समोरचा जे बोलेल ते परत म्हणून दाखवायची त्यांना सवय आहे. "जरा जास्त बटाटे" म्हटलं की त्या "जरा जास्त बटाटे" म्हणणार आणि मगच डाव उचलणार. त्यामुळे त्या फोनवर असल्या की पलीकडच्याचं वेगळं ऐकावं लागत नाही.

"काहीच ओळखू येत नाही? कसं येईल राजा, सगळं बंद पडलंय. बुटांचं दुकान गेलं, थिएटर गेलं. चर्च दिसतंय का? पांढरं? हां, तेच. तेच रे! बर्फ पडतोय, हो, मला दिसतोय की खिडकीतून. कुणाचा फोन आहे हा? दे, परत दे त्यांना. ऐक, तिथून हलू नकोस. कुणी काही म्हणो, हलायचं नाही. मी आले."

फोन मिटून त्या माझ्याकडे वळल्या.

"क्लेटन आलाय," त्या म्हणाल्या. मग खुंटीवरचा कोट ओढून घेतला.

क्लेटन त्यांचा मुलगा. मी दुसरीत होते तेव्हा तो गेला. गेला म्हणजे काय, त्यांनीच त्याची बॅग ओसरीवर ठेवली. पाठीच्या दुखण्यावर सुरू झालेल्या गोळ्या, मग गोळ्यांसाठी गोळ्या, मग घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. तो डाकोटाकडे तेलाच्या विहिरींवर काम करतो, एवढंच कळलं होतं. मिस अर्लीननी मधल्या काळात दोनदा फोन बदलला, पण नंबर बदलू दिला नाही. दुकानदाराशी भांडल्या होत्या त्यासाठी.

गाडीत त्या एक क्षण गप्प बसल्या नाहीत. "घरी अंडी आहेत का गं? नसतील तर तुझ्या आईकडून आणू. त्याला पिवळं पसरलेलं लागतं. आणि त्याची खोली गार असेल. हीटर लावून निघायला हवं होतं. डेलेनी, जरा पळव ना गाडी!"

"मिस अर्लीन, बर्फावर पळवली तर आपण बँकेच्या पायऱ्यांवर नाही, बँकेत पोचू."

त्या हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी त्याला काय म्हणाले होते ते माहितीये ना तुला?"

"अख्ख्या गावाला माहितीये." माझ्या गाडीला ब्रेक आहेत, तोंडाला नाहीत.

"'परत या दारात पाय ठेवू नकोस,' म्हणाले होते. त्याने मान हलवली आणि गेला. भांडलासुद्धा नाही." त्यांनी काचेवरची वाफ हातमोज्याने पुसली. "तेवढं एक वाक्य परत घ्यायचंय मला. मग तो राहो, जावो. तेवढं घेऊ दे."

बँकेसमोर कुणीही नव्हतं. पायऱ्यांवरचा बर्फ कोरा होता, त्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता. ते मी पाहिलं, आणि वाऱ्याने बुजला असेल असं स्वतःलाच सांगून टाकलं. मला त्या दिवशी सगळंच जमणार होतं.

"थंडी वाजली असेल, आडोशाला गेला असेल," मी म्हटलं. "चला, शोधून काढू. गाव आहे केवढं!"

आम्ही चर्चच्या मागे पाहिलं. बुटांच्या दुकानाच्या पत्रा ठोकलेल्या दारात पाहिलं. फुटबॉलच्या मैदानावर मिस अर्लीन मधोमध उभ्या राहून "क्ले! क्लेटन!" अशा हाका मारत राहिल्या आणि त्यांची टोपी पांढरी झाली. पुन्हा बँक. पुन्हा चर्च. मग त्यांच्या आईची कबर. तिथे तर मीच नेलं त्यांना, कारण सिनेमात लोक तिथेच जातात. दुपार झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "तू डायनरमध्ये विचारून ये. मी बँकेपाशी थांबते. आला आणि मी नसले तर पुन्हा जाईल."

डायनरमध्ये नेहमीचे म्हातारे कॉफी घेऊन नेहमीच्या खुर्च्यांवर होते.

"मिस अर्लीनचा क्लेटन दिसला का कुणाला?" मी दारातूनच ओरडले. "सकाळी बसने आलाय!"

"बसने?" ऑर्व्हिल आजोबांनी कप खाली ठेवला. "पोरी, आपल्या गावात बस थांबायची तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."

सगळे खो खो हसले. मीही हसले. मग मी हसायची थांबले, आणि एकेक करत तेही थांबले.

आमच्या गावाचं नाव फेअरव्ह्यू. म्हणजे छान देखावा. देखावा म्हणजे मका, आणि मका कापला की काहीच नाही. या नावाची गावं देशात इतकी आहेत की कुणाच्या तरी लग्नाची फुलं आमच्याकडे येतात आणि आमच्या ट्रॅक्टरचे सुटे भाग भलतीकडे जातात. एकदा तर बास्केटबॉलचा एक संघच चुकून आमच्या शाळेच्या दारात उतरला. मिस अर्लीननी जेवणघर उघडलं. "चुकून आले म्हणून काय उपाशी जाणार?" म्हणाल्या, आणि त्या लांबलचक मुलांना पोटभर वाढलं. जिथे फेअरव्ह्यू तिथे मेन स्ट्रीट असतो, मेन स्ट्रीटवर बँक असते आणि एक पांढरं चर्च असतं. आम्ही मात्र नावापुढे राज्य लावत नाही. राज्य लावतात ते परके. आम्ही नुसतं "फेअरव्ह्यू" म्हणतो, आणि फेअरव्ह्यू म्हणजे आपलंच, अजून कुठलं?

क्लेही तिकिटाच्या खिडकीवर नुसतं "फेअरव्ह्यू" म्हणाला असणार. खिडकीतल्या माणसाने जवळचं देऊन टाकलं असणार.

मी धावत बाहेर आले. मिस अर्लीन बँकेच्या पायऱ्यांवर नजर ठेवून रस्त्याच्या अलीकडेच उभ्या होत्या. "मिस अर्लीन, तुमचा फोन द्या." सकाळच्या नंबराचे सुरुवातीचे आकडे आमचे नव्हते. माझ्या फोनवर ते घालून पाहिले तर आलं, मोंटाना, डाकोटाला लागून असलेलं राज्य.

आम्ही इलिनॉयमध्ये राहतो.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. चांगलं सांगितलं नसणार.

"पण चर्च आहे म्हणाला ना तो," त्या म्हणाल्या. "पांढरं."

"सगळीकडे असतं, मिस अर्लीन."

"बर्फ पडतोय म्हणाला."

"तिकडेही पडतोय."

त्यांनी बँकेकडे पाहिलं. अगदी ओळखीच्या माणसाने फसवलं की पाहतात तसं. मग म्हणाल्या, "किती लांब आहे?"

"या बर्फात न थांबता गेलं तरी उद्या संध्याकाळ."

"मग चल ना." त्यांनी माझी बाही धरली. "चल. तुला आवडतं ना गाडी चालवायला?"

मी तोच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

एका बाईंनी उचलला. मागे मशिनांची घरघर.

"सकाळी तुमच्या फोनवरून एका माणसाने..." मी सुरुवात केली.

"त्याच्या घरचे का तुम्ही? अहो, आहात कुठे!" बाई तापल्याच. "मी लॉन्ड्रीत असते, बँकेच्या समोरच. केव्हाचा बसलाय तो! कितीदा म्हटलं, आत ये बाबा, इथे गरम आहे. तर म्हणे आईने सांगितलंय, हलू नको. खोकून खोकून वाकलाय नुसता. कॉफी नेऊन दिली तर कप धरवेना. कुठवर आलात?"

"आम्ही इलिनॉयमध्ये आहोत," मी म्हटलं. "इथेही फेअरव्ह्यू आहे."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "त्याला कुणी सांगितलं नाही?"

"ॲम्ब्युलन्स बोलवा ना!"

"दुकानाच्या फोनवरून मघाशीच बोलावलीये. ती गावात नसते गं, बाहेरून येते, आणि रस्त्याची ही दशा. मी एकटी आहे, मला तो उचलवत नाही. आधी कुडकुडत तरी होता. आता तेही थांबलंय."

"मग बरं झालं ना?" मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं.

मिस अर्लीननी माझ्याकडे पाहिलं. त्या गोठ्यात वाढलेल्या. कडाक्याच्या थंडीत जन्मलेलं वासरू कुडकुडायचं थांबलं की पुढे काय होतं, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"द्या त्याच्याकडे," त्या म्हणाल्या.

दाराची घंटा वाजली. वारा. बाईंची धाप. मग एक आवाज, झोपेत बोलावं तसा जड.

"आई?"

"क्ले, उठ बाळा. त्या बाईंबरोबर आत जा."

"पाय उठत नाहीत गं. तू कुठंयस?"

"क्ले, ऐक. हे जे गाव आहे ना..." त्या थांबल्या. त्यांच्या पापण्यांवर बर्फ बसला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"मला वाटलं तू येणार नाहीस," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस ना तसं."

"मी काही म्हणाले नाही."

"म्हणाली होतीस. दारात पाय..."

"ते मी परत घेतलं, क्ले. तू कोपऱ्यावर वळायच्या आत घेतलं होतं. तू ऐकायला थांबला नाहीस एवढंच."

"मग ये ना. कुठंयस?"

मिस अर्लीननी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "ही काय, कोपऱ्यावर," त्या म्हणाल्या. "दिसलास मला. रस्ता ओलांडतेय."

आणि त्यांनी खरोखरच रस्ता ओलांडायला सुरुवात केली. मी मागोमाग गेले. निसरडं होतं, पण त्यांनी माझा हात धरला नाही.

"केस केवढे वाढवलेस रे!"

"टोपी आहे ना गं डोक्यावर."

"टोपीखालून लोंबतायत, म्हणून तर म्हणतेय. शोभतं का हे?"

पलीकडे तो हसला. मग खोकला, बराच वेळ. मिस अर्लीन पायऱ्यांपाशी पोचल्या. "सरक जरा," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला चिकटून बसल्या. बाजूला एका माणसाची जागा सोडून.

"थंडी वाजतेय?"

"आता नाही."

"वाजत नसली तरी घे. माझा कोट घे." त्यांनी फोन मांडीवर ठेवला, कोट काढला आणि शेजारच्या रिकाम्या पायरीवर पसरला. नीट, कॉलर वरच्या बाजूला करून. फोनमधून चेन ओढल्याचा आवाज आला. तिकडच्या बाईंनी आपलं जाकीट काढलं होतं.

"गरम आहे," क्ले म्हणाला.

"असणारच."

"वास वेगळाच येतोय गं. साबणाचा."

"नवीन साबण आणलाय. जुना मिळत नाही आता."

"घरी जाऊ या?"

"जाऊ या की. बसू दे मला घटकाभर. चालून दमलेय मी."

"बस," तो म्हणाला.

त्या बसल्या. नंतर बराच वेळ फोनमधून नुसता वारा येत होता. तो तिकडचा होता की इथला, ते सांगता येत नव्हतं. डायनरमधले म्हातारे बाहेर येऊन पलीकडच्या फूटपाथवर उभे राहिले होते. ऑर्व्हिल आजोबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"मॅडम," फोनमधून बाई हळूच म्हणाल्या. "मॅडम, तो..."

"हळू बोला," मिस अर्लीन म्हणाल्या. "झोप लागलीये त्याची."

बाईंनी फोन ठेवला नाही. त्या रडत होत्या, आणि त्यांच्या मागून, खूप लांबून, ॲम्ब्युलन्सचा भोंगा यायला लागला होता.

मिस अर्लीन नुसत्या स्वेटरवर बसल्या होत्या. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. मी माझं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकायला वाकले, तर त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं. शेजारी पायरीवर पसरलेल्या कोटाच्या बाहीवर बर्फ साचत होता. तो त्या बोटांनी अलगद झटकत होत्या. थोडा साचला की पुन्हा झटकत होत्या.