विदरफ्लीटची मुकी घंटा

मी एक जुनी धुक्यातली घंटा आहे, मित्रांनो. विदरफ्लीटच्या धक्क्यावर टांगलेली. मला ओतलं होतं खाडीपलीकडच्या गावासाठी. आमच्या गावानं मला होडीत घालून चक्क पळवलं! दोन्ही गावं अजून एकमेकांकडं बघून थुंकतात. माल चोरीचा, पण काम चोख. धुकं उतरलं की मी ठणठणायचे आणि मासेमारीच्या होड्या वाळूचा दांडा चुकवून आत शिरायच्या. तेव्हा माझं कौतुक काय, घासणं-पुसणं काय!

मग खाडी गाळानं भरली, होड्या कमी झाल्या, बसगाड्या भरून पाहुणे यायला लागले. आईस्क्रीम चाटत यायचे, मला ठण्ण करून पळायचे. खोटं कशाला बोलू, मजा मलाही यायची. पण समोर चहाचं दुकान चालवणारी विनिफ्रेड पेटायची.

"ए लाल टोपी! तुझ्या आजीच्या डोक्यावर वाजव जा!"

"बाई, घंटा आहे म्हणून वाजवली."

"मग नाक आहे म्हणून मी मुरगळू का?"

शेवटी तिनं शिडी लावून माझा लोलकच काढला आणि खाडीत भिरकावला. गावानं टाळ्या वाजवल्या. तिचा नवरा सिरिल म्हणाला, "आता गावात एकटी तूच वाजणार, विनी!"

दुसऱ्याच दिवशी सिरिल खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला आणि धुकं उतरलं. वाळूच्या दांड्यावर होडी चढली असती, तर उलटलीच असती. वारा समुद्राकडून होता. त्याची हाक इकडं पोचत होती, "विनी, धक्का कुठंय?" हिची तिकडं जात नव्हती. ती माझी दोरी ओढत सुटली. मी नुसतीच हलत राहिले.

तोच लाल टोपीवाला पाहुणा, त्या दिवशीही बसनं आलेला, धावत आला. "लोलक कुठाय?"

"फेकला! तुमच्यामुळं!"

"मग शिव्या नंतर द्या. आधी जड काहीतरी आणा!"

तिनं दुकानातून लोखंडी तवा आणला, त्यानं कोळशाचं फावडं उचललं. दोघांनी मला दोन्हीकडून बडवलं.

"जोरात! लोणी लावतोयस का?"

"तुम्ही माझी बोटं सोडून घंटेवर मारा की!"

माझ्या काठाला चीर गेली, पण सिरिलची होडी धक्क्याला लागली. विनिफ्रेडनं त्याला घट्ट धरलं, आणि त्या पाहुण्याला म्हणाली, "बघतोस काय? तुझी बस सुटेल."

आभार? छे!

मित्रांनो, भांडा. पाहुण्यांना हाकला, गावकऱ्यांना नावं ठेवा, माझी ना नाही. पण राग माझ्यावर काढू नका. धुक्यात अडकलेल्या माणसाला तुमचं भांडण ऐकू येत नसतं.