घरगाडीचं वजन

कोयलीच्या रिफायनरीत हंबीरराव चौतीस वर्षं वेल्डर होते. निवृत्त झाल्यावर हरणी भागातल्या आपल्या सोसायटीमागे त्यांनी स्वतःच्या हातांनी एक घरगाडी बांधली. आत पलंग, संडास, पाण्याची टाकी. ती पिकअपच्या मागे जोडून पत्नीला, संयोगिताला, मालवणला न्यायचं होतं. तिथे तिची धाकटी बहीण येसू अंथरुणाला खिळून होती. संयोगिताची फुप्फुसं निकामी होत चाललेली. ऑक्सिजनचं मशीन अखंड चालू हवं, म्हणून चार जड बॅटऱ्याही बसवल्या. अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढलं की ती म्हणायची, "त्यातून उतरले तर येसू मला बघूनच रडेल."

पिकअपच्या पुस्तकात लिहिलं होतं : बाराशे किलोपर्यंत ओढता येईल. हंबीररावांनी पत्र्याचा आणि लोखंडाचा हिशेब अकराशेवर आणला होता. आतल्या सामानाचा केलाच नव्हता.

हालोल रोडच्या वजनकाट्यावर आकडा आला पंधराशे ऐंशी.

"काका, आ नहीं खेंचाय, ओढली जायची नाही ही," गुजराती काटेवाला म्हणाला. "आणि हिचा पुढचा दांडा पिकअपच्या पाठीवर दीडशे किलो दाबतोय. मागे सामान भरणार, तुम्ही दोघं बसणार. ब्रेक लागायचे नाहीत."

तरी परतताना पुलाच्या उतारावर त्यांनी पाहून घेतलं. ब्रेक दाबला तशी घरगाडी मागून ढकलू लागली, मग डावी-उजवी झुलू लागली. समोरच्या रिक्षापासून हातभर अंतरावर पिकअप थांबली. हंबीररावांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

पुढचे आठ दिवस ते सामान काढत होते. टाकी गेली, संडास गेला, खिडक्यांच्या काचा गेल्या. पुन्हा काटा : तेराशे दहा. आता उरलं होतं ते पलंग, बॅटऱ्या आणि छप्पर.

"मोठा ट्रक घ्या," मुलगी देवश्री म्हणाली.

"एकाहत्तराव्या वर्षी नवं लायसन्स कोण देतंय मला?"

संयोगिता पलंगावरून म्हणाली, "अहो, मला उतरवा. मग बसेल वजन." ती हसली आणि तिला ढास लागली.

त्याच रात्री ती स्वतःच अ‍ॅम्ब्युलन्सला तयार झाली. सकाळी डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले आणि हंबीररावांना बाहेर बोलावलं. "मार्चमध्ये नेलं असतं तर चाललं असतं. आता गावाबाहेरही नको."

मार्चमध्ये हंबीरराव छपराचे सांधे जोडत होते.

येसूला फोन लावला तेव्हा सांगायचं कुणी, हे ठरलं नव्हतं. संयोगितानेच नाकावरची नळी सारखी केली.

"येसू, मी येत नाही गं. वाट बघू नकोस."

पलीकडून येसू म्हणाली, "दिवाळीत ये मग."

संयोगिताने फोन नवऱ्याकडे दिला. हंबीररावांनी तो कानाला लावला. येसू दिवाळीच्या फराळाचं बोलत होती आणि ते नुसतेच "हो, हो" म्हणत राहिले.