बोटीवरच्याचं पत्र

“ताई, ते पत्र आलं होतं.”

धाकटीच्या हातातला कंगवा थांबला. खिडकीशी बसलेल्या ताईची वेणी अर्धीच राहिली.

“कुठलं गं?”

“बोटीवरच्याचं.”

छत्तीस वर्षं झाली होती त्याला. बोटीवर नोकरी करणारा तो, ‘जम बसला की पत्र टाकून बोलावतो’ असं ताईला सांगून गेला होता. धाकटी तेव्हा टपाल कचेरीत नुकतीच लागली होती. पत्रं कप्प्यांत लावताना ताईच्या नावाचं, मागे त्याचं नाव असलेलं पाकीट तिच्या हाती आलं. ताई गेली तर अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी आपण एकटीच उरणार, एवढंच तिला दिसलं. पाकीट आधी पर्समध्ये गेलं आणि घरी आल्यावर शेगडीत.

ताईने वर्षभर वाट पाहिली. मग “प्रभूची इच्छा,” म्हणाली आणि आईच्या चादरी धुवायला घेतल्या. आजवर ती तेच म्हणत आली.

गेल्या आठवड्यात धाकटी निवृत्त झाली. साहेब भाषणात म्हणाले, “बाईंच्या हातून एकही पत्र गहाळ झालं नाही.” तिने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये पाळकांकडे गेली.

सगळं ऐकून पाळक म्हणाले, “देवाच्या हातून काही निसटत नाही. तुमच्या पापातूनही त्याने आईची सेवा करवून घेतली.”

“सगळं त्यानेच करवलं, तर मग पाप कुणाचं, पाळकसाहेब? मी क्षमा कशाची मागू?”

पाळकांनी समोरचं बायबल मिटलं.

“पाप तुमचंच,” ते म्हणाले. “ताईंकडे जा.”

आता ती ताईच्या पायांशी फरशीवर बसली होती.

“छत्तीस वर्षं मी प्रभूशी भांडले, छोटे,” ताई म्हणाली. “मनातल्या मनात. आणि तू शेजारच्या खाटेवर झोपत होतीस.”

“माफ कर म्हणायला तोंड नाही मला.”

“काय लिहिलं होतं त्याने?”

“उघडलंच नाही गं मी.”

“एक ओळ तरी वाचायचीस!” ताईचा आवाज चिरकला.

धाकटी रडत राहिली. ताईने तिला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. मग तिने विचारलं, “पाकिटावरचं अक्षर कसं होतं?”

“तिरकं. निळ्या शाईतलं. तुझं नाव मोठं, सावकाश लिहिलेलं.”

ताईने डोळे मिटले.

“पुन्हा सांग.”